लोणारी कोळशाच्या हिशेबातला सुटलेला रकाना

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात काही प्रकल्प दरवर्षी न चुकता भेटतात. ज्वालामुखी असतो, ठिबक सिंचन असते, आणि आता ‘टाकाऊपासून कोळसा’ हाही कायमचा पाहुणा झाला आहे. टेबलावर एक झाकणाचा डबा, त्यात भाजलेल्या नारळाच्या करवंट्या किंवा पालापाचोळा, शेजारी खळीत मळून केलेल्या काळ्या वड्या, आणि मागे मोठ्या अक्षरांत फलक : ‘कचऱ्यापासून इंधन, झाडांना जीवदान.’ परीक्षक वडी पेटवून पाहतात, ती धूर न करता जळते, आणि प्रकल्पाला बक्षीस मिळते.

प्रयोगाविषयी माझी तक्रार नाही. भंजक ऊर्ध्वपातन शिकवायला याहून स्वस्त आणि सोपा प्रयोग सापडणे कठीण. तक्रार फलकाविषयी आहे. फलकावर जे लिहिले आहे ते प्रयोगातून सिद्ध होत नाही. वडी जळते एवढेच सिद्ध होते. झाड वाचले की नाही हे ठरवायला आणखी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात : डब्यात घातलेल्या वजनापैकी जे परत आले नाही ते कुठे गेले, आणि तो ‘कचरा’ कोळसा केला नसता तर त्याचे एरवी काय झाले असते. यांतला दुसरा प्रश्न मुलांच्या वहीत तर नसतोच, पण मोठ्यांच्या अहवालांतही तो बऱ्याचदा सुटतो.

एखादे गाव समोर ठेवून बोलू. वसईच्या पश्चिम भागात होळी नावाची वस्ती आहे. (नाव होळीचे असले तरी आपला विषय उलटा आहे. होळीत लाकूड उघड्यावर जळते आणि राख उरते. तेच लाकूड मातीखाली झाकून, हवा तोडून तापवले की कोळसा उरतो.) या वस्तीच्या अवतीभवती काही कोसांत कोळशाला किती उमेदवार आहेत पाहा. बागायती पट्ट्यात नारळ आणि केळी. भुईगाव, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर सुरू. खाडीच्या कडेने तिवर. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेले की भाताची शेते आणि त्यामागे तुंगारेश्वरचे डोंगर, म्हणजे ऐन, किंजळ, धावडा, खैर. लाकूड ते लाकूड, कोळसा तो कोळसा, असे मानले तर या सगळ्यांची किंमत सारखीच व्हायला हवी. ती तशी होत नाही.

आधी पहिला प्रश्न. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो. १०० किलो वाळके लाकूड मातीच्या भट्टीत लावले तर हाती १० ते २० किलो कोळसा येतो. आपण १५ किलो धरू. त्यात कार्बन सुमारे १२ किलो. मग लाकडातल्या ५० किलोंपैकी ३८ किलो कार्बन कुठे गेला? कार्बन डायॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, डांबर आणि काजळी होऊन तो हवेत गेला. यातला मिथेन विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. म्हणून ‘झाड पुन्हा वाढले की सगळा कार्बन परत शोषला जातो’ हे वाक्य चुलीत जळलेल्या लाकडाला जितके लागू पडते तितके भट्टीतल्या लाकडाला लागू पडत नाही. झाड कार्बन डायॉक्साइड परत घेते, मिथेन घेत नाही.

आता ऊर्जेचा हिशेब. वाळक्या लाकडाच्या किलोमागे ४,००० किलोकॅलरी धरल्या तर १०० किलोंत ४ लाख किलोकॅलरी होतात. कोळशाच्या किलोमागे ७,००० धरल्या तर १५ किलोंत १ लाख ५ हजार. म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश ऊर्जा भट्टीवरच संपली. कोळशाच्या बाजूने बोलणारे यावर म्हणतात की शेगडी चुलीपेक्षा कार्यक्षम असते, आणि ते खरे आहे. तीन दगडांच्या चुलीवर दहा टक्के उष्णता भांड्याला मिळते असे मानू आणि शेगडीवर बावीस टक्के. चुलीवर भांड्याला ४० हजार किलोकॅलरी मिळाल्या, शेगडीवर सुमारे २३ हजार. तेवढ्याच स्वयंपाकासाठी कोळशाला पावणेदोनपट लाकूड लागले. भट्टी सुधारून ३० टक्के कोळसा काढला तर पारडे फिरते, ४६ हजार मिळतात. म्हणून भट्टी कोणती हा प्रश्न झाड कोणते या प्रश्नाच्या आधी येतो. मुलांनी हे गणित फळ्यावर वेगवेगळे टक्के घालून करून पाहावे. पारडे नेमके कुठे फिरते ते शोधणे हा आठवी-नववीला चांगला स्वाध्याय आहे.

मग शहरांनी इतकी वर्षे कोळसा का जाळला? एक तर तो वजनाला हलका, म्हणून लांबून आणायला परवडतो. दुसरे, चाळीतल्या खोलीत लाकडाचा धूर सोसणे अशक्य असते. धूर नाहीसा होत नाही, तो भट्टीच्या जागी राहतो आणि शहरात फक्त धग येते. त्यातही एक वायू खोलीत येतोच, तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने माणसे दगावतात ती याच वायूमुळे, आणि ‘धूर नाही म्हणून शुद्ध’ या समजुतीमुळे.

आता उमेदवारांकडे वळू. केळीचा निकाल चटकन लागतो. घड काढल्यावर केळीचा खांब बागेत पडून राहतो आणि ‘एवढा कचरा वाया जातो’ असे बघणाऱ्याला वाटते. त्या खांबात शेकडा ९२ भाग पाणी आहे. १०० किलो खांबातले ९२ किलो पाणी ३० अंशांवरून उकळबिंदूला नेऊन त्याची वाफ करायला सुमारे ५६ हजार किलोकॅलरी लागतात. उरलेले ८ किलो कोरडे द्रव्य सगळेच्या सगळे जाळले तरी ३० हजारांच्या आसपास मिळतात. उन्हात वाळवावे तर खांब वाळण्याआधी कुजतो. तो कुजणेच बरे, कारण कुजून तो बागेलाच मिळतो. वसईचा बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला आहे, त्याला हे गणित कोणी शिकवले नव्हते.

करवंटीचे तसे नाही. करवंटी कठीण, कोरडी, राख कमी. हजार करवंट्यांपासून खड्ड्याच्या पद्धतीने ३० ते ३५ किलो उत्तम कोळसा मिळतो, आणि तो शेगडीत घालण्यापेक्षा त्याचा सक्रियित कार्बन करून पाणी व वायू गाळायला वापरला तर कितीतरी जास्त मोल येते. इथे फलकावरचे वाक्य खरे ठरेल का? थांबा. ज्या घरी अजून आंघोळीचे पाणी बंबात तापते तिथे करवंटी हेच बंबाचे जळण असते. ती आपण प्रकल्पासाठी गोळा केली तर बंबात काय जाईल? फाटा जाईल, म्हणजे लाकूडच. उलट ज्या इमारतीत गॅसवर किंवा विजेवर पाणी तापते तिथली करवंटी घंटागाडीतून कचराभूमीवर जाते. तिचा कोळसा केला तर खरोखर काहीतरी वाचले. करवंटी एकच, घर बदलले की उत्तर बदलले. आणि शहाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. रस्त्याकडेला त्याचे ढीग दिसतात, पण त्यात करवंटी कोवळी आणि सोड ओली असते. तो ढीग पाहून कोळशाची स्वप्ने रंगवण्यात अर्थ नाही.

सुरूचे लाकूड जड आणि कोळसा जातिवंत. जळणाचे झाड म्हणून त्याची जगभर ख्याती आहे. मुळांच्या गाठींतल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते हवेतला नायट्रोजन घेते, त्यामुळे नुसत्या वाळूतही वाढते. निव्वळ कोळशाच्या प्रतीवर निकाल द्यायचा तर वसईत पहिला नंबर बहुधा सुरूचाच. परंतु किनाऱ्यावरचा सुरू वारा आणि उडती वाळू अडवायला लावलेला आहे. त्याच्यामागे वाडी आहे. (सुरू इथला मूळचा नाही, त्याच्या दाट सावलीत वाळूवरच्या मूळ वेली टिकत नाहीत, असा आक्षेप वनस्पतितज्ज्ञ घेतात. तो रास्त आहे, पण त्याने कोळशाची बाजू बळकट होत नाही.) मे २०२१ मधल्या तौक्ते वादळासारख्या वादळात जी झाडे उन्मळून पडतात त्यांच्या फांद्यांचा कोळसा केला तर आक्षेप घ्यायला जागा नाही. उभे झाड तोडून केला तर वाडीच्या नुकसानीचा भाग त्या कोळशाच्या किमतीत धरावा लागेल. ती किंमत बाजारात कोणी विचारत नाही.

तिवराबद्दल फार लिहीत नाही. लाकूड घट्ट, कोळसा चांगला, थायलंडात तिवराच्या कोळशाच्या भट्ट्यांचा मोठा इतिहास आहे. आपल्याकडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत तिवर आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ मध्ये अंतिम निकालाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी खाडीकाठच्या माणसाला मासळी आणि कोळसा यांत काय निवडावे हे सांगावे लागत नाही.

खरा इतिहास डोंगरातल्या झाडांचा आहे. मुंबई वाढली तशी तिच्या शेगड्यांना कोळसा लागू लागला आणि तो ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या मालकी रानांतून येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींच्या पाठीला शेगडीवजा यंत्रे बसवून कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या, मागणी आणखी वाढली. ठेकेदार मालकाकडून रान विकत घेई, तोड करी, जागेवरच भट्ट्या लावी आणि पोती शहराकडे पाठवी. ऐन, किंजळ, धावडा ही झाडे बुंध्यापासून पुन्हा फुटतात. हातभर बुंधा राखून तोडले आणि पंधरा-वीस वर्षे रानाला विसावा दिला तर तेच रान पुन्हा कोळसा देऊ शकते, हे खरे आहे. जंगलाचा कोळसा म्हणजे नेहमीच जंगलाचा नाश असे नव्हे. पण पोत्याच्या भावात विसाव्याची किंमत नव्हती. ठेकेदाराला एका रानात पुन्हा यायचे नव्हते. पुढे १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याने अशी बरीच राने सरकारजमा झाली. गॅस आणि रॉकेल आल्यावर घरगुती मागणीही ओसरली.

या भट्ट्या लावणारे हात बहुतांशी कातकऱ्यांचे होते. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. तो धंदा हातातून गेल्यावर कोळसा आणि वीट हेच उरले. भट्टी लावणे हे अडाण्याचे काम नाही. लाकूड जाडीप्रमाणे रचायचे, त्यावर पाला, त्यावर माती. वाऱ्याचा रोख पाहून छिद्रे ठेवायची. आधी दाट पांढरा धूर येतो, ती पाण्याची वाफ. मग पिवळट, कडवट, डोळ्यांना झोंबणारा, त्यात डांबर. शेवटी पातळ निळसर धूर आला की समजायचे काम झाले, छिद्रे बुजवायची. रात्री कुठे माती खचून हवा आत शिरली तर सकाळी कोळशाऐवजी राख. म्हणून दिवसरात्र पहारा. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ऊर्ध्वपातनाचे टप्पे म्हणतात ते हा माणूस धुराच्या रंगावरून ओळखतो, आणि तोच धूर दिवसाचे चोवीस तास छातीत घेतो.

या कामाची मजुरी आगाऊ उचलीच्या रूपाने मिळे. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर कुटुंबासह भट्टीवर जायचे, उन्हाळा संपेपर्यंत फेडायचे, आणि हिशेब ठेकेदाराच्या वहीत. ती वही कधी मिटत नसे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही ठाणे जिल्ह्यात अशी कुटुंबे सोडवावी लागली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेचे काम वेठबिगारमुक्तीपासूनच सुरू झाले. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने १९९० च्या दशकात भोंगाशाळा चालवल्या. कोळशाच्या भट्ट्या रानात एकेकट्या विखुरलेल्या, तिथे अशी शाळा चालवणेही अवघड. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत आदिवासी पाड्यावरच्या शाळेत हजेरीपटावरची कोणती नावे रिकामी राहतात हे त्यांना ठाऊक असते. लोणारी कोळसा ‘स्वस्त’ पडत असे त्यातला किती भाग झाडाचा आणि किती भाग या न दिलेल्या मजुरीचा, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुणीतरी मांडायला हवे होते.

असा हा इतिहास पाठीशी असल्यामुळेच झाडाऐवजी शेतातल्या पाचोळ्याचा कोळसा करण्याची कल्पना आकर्षक वाटते. तिचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण उसाचे आहे. वसईकरांना ऊस परका नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात वसईच्या उसाचा उल्लेख आहे. आता तो इथून गेला आणि घाटावर स्थिरावला. ऊस तोडल्यावर शेतात हेक्टरी ८ ते १० टन पाचट उरते. गुरे ते आवडीने खात नाहीत, लवकर कुजत नाही, पाणी द्यायला अडचण करते. म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाचटाच्या कोळशाचे तंत्र बसवले. त्याबद्दल संस्थेला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

त्या तंत्रातली खुबी समजून घेण्यासारखी आहे. पाचट पिंपांत दाबून भरायचे, पिंपे विटांच्या भट्टीत ठेवायची, खाली थोडे पाचट जाळून सुरुवात करायची. पिंपे तापली की आतल्या पाचटातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते भट्टीतच पेट घेतात. पुढची उष्णता त्यांचीच. मातीच्या भट्टीत जो मिथेन आणि डांबर रानात सुटते ते इथे इंधन म्हणून कामी येते. आपल्या पहिल्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. मिळालेला कोळसा भुसभुशीत असतो. त्याची पूड करून खळीत किंवा शेणात मळून कांड्या पाडतात. याच संस्थेने ‘सराई’ नावाचा वाफेवर शिजवणारा कुकर केला, त्यात शंभर ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचे वरण-भात-भाजी शिजते असा त्यांचा दावा. दावा तपासून पाहू. शंभर ग्रॅममध्ये फार तर ५०० किलोकॅलरी. धान्य, भाजी आणि पाणी मिळून अडीच किलो धरले तर ते ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १७५ किलोकॅलरी. पुढे शिजताना तापमान टिकवायचे एवढेच. कुकर वरून झाकलेला आणि भोवती हवेचा थर असेल तर हे बसते. दावा फुगवलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, एरवी काय झाले असते? त्या संशोधकांनी उत्तर गृहीत धरले होते : पाचट शेतातच जाळले गेले असते. त्या काळी ते बहुतांश ठिकाणी खरे होते. तसे असेल तर कोळसा हा निव्वळ फायदा, कारण जे जळायचेच ते उपयोगी जळले. पण ‘बहुतांश फायदा’ म्हणणे जास्त बरोबर ठरेल. १० टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश असते, असे कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत आपण वाचतो. पाचट पेटवले की नत्र उडून जाते, पण पालाश राखेत राहतो आणि राख शेतातच पडते. कोळसा केला तर नत्र तर जातेच, शिवाय पालाश कांड्यांबरोबर शहरात किंवा शेजारच्या गावात जातो, तिथल्या शेगडीत राख होतो, आणि ती राख भांडी घासून मोरीत जाते. उघड्यावर जाळणे हे सर्वांत वाईट असे आपण शिकवतो. धुराच्या बाबतीत ते खरे आहे. पालाशाच्या बाबतीत, आश्चर्य वाटेल, पण कोळसा त्याहून वाईट आहे, जोवर राख परत शेतात येत नाही.

आणि जिथे शेतकरी पाचट जाळत नाही तिथे? खोडव्यात पाचट सरीत पसरून, बुडख्यांवरून बाजूला करून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकण्याची पद्धत कृषी विभाग कित्येक वर्षे सांगत आला आहे. ओल टिकते, तण दबते, एखाद-दुसरी पाण्याची पाळी वाचते. अशा शेतातले पाचट उचलून कोळसा करणे म्हणजे जमिनीच्या तोंडचा घास काढणे होय. वनस्पती तीच, तंत्र तेच, कोळसाही तोच; शेजारच्या बांधावर तो लाभ आणि या बांधावर तोटा.

याशिवाय ‘कचरा’ हा शब्दही कायम राहत नाही. पाचटाला गिऱ्हाईक नव्हते म्हणून तो कचरा होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरात सिलिंडर आला, त्यामुळे कांडी कोळशाचे घरगुती गिऱ्हाईक घटले. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना दगडी कोळशात ठरावीक हिस्सा शेतातल्या जैवभाराच्या गोळ्यांचा मिसळण्याचे धोरण ठरवले, त्यामुळे पाचोळ्याला नवे गिऱ्हाईक आले. भाताच्या तुसाचे वसईत आधीच असे झाले आहे. तूस फुकट मिळतो असे समजून वीटभट्टीवाल्याकडे जाऊन पाहावे. ज्या वस्तूवर योजना उभी राहते ती वस्तू योजनेमुळेच महाग होते. पाच वर्षांपूर्वीच्या भावावर आखलेला लघुउद्योगाचा प्रकल्प म्हणून कोलमडतो.

उपद्रवी वनस्पतींच्या कोळशाचीही अशीच एक गंमत आहे. वेडी बाभूळ तोडून कोळसा केला तर एका दगडात दोन पक्षी, असे कच्छपासून सोलापूरपर्यंत सांगितले जाते. कोळसा खरोखर चांगला होतो. पण ही बाभूळ बुंध्यापासून फुटते आणि एकाचे पाच फुटवे होतात. मुळासकट उपटायला कोणी पैसे देत नाही, तोडीचे मात्र मिळतात. मग ज्याचे पोट तिच्यावर चालते त्याने ती संपवावी अशी अपेक्षा कशी करणार?

शहराच्या बाजूनेही हिशेब अर्धाच मांडला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहरातल्या हवेसाठी हे योग्यच आहे. पण त्या निमित्ताने झालेली चर्चा सगळी पावाच्या भट्टीच्या धुराड्याविषयी होती. तंदूरच्या एका पोत्यामागे ज्या रानातल्या भट्टीतून पाच-सहा पोती लाकूड धूर होऊन गेले, तिथे हवा मोजणारे यंत्र नाही. त्यामुळे तो धूर कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि कोळसा बंद झाला तर त्या भट्टीवरच्या कुटुंबाने पुढच्या हंगामात काय करायचे हाही रकाना रिकामाच राहिला.

प्रदर्शनातल्या डब्याकडे परत जाऊ. प्रयोग टाकून देऊ नये, थोडा वाढवावा. डब्यात घालण्यापूर्वी करवंट्यांचे तुकडे उन्हात वाळवून वजन करावे, झाल्यावर कोळशाचे वजन करावे. झाकणाला एकच बारीक छिद्र ठेवावे. आधी वाफ येईल, ती संपून धूर पिवळसर झाला की शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या जागेत, लांब काडीने त्या धुराला पेटवून दाखवावे. छिद्रावर ज्योत धरते. ती ज्योत म्हणजे मातीच्या भट्टीत वाया जाणारा माल. मग दुसऱ्या डब्यात तेवढ्याच वजनाचे पाचट किंवा सुरूच्या वाळक्या, खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे घालून तेच करावे. दोन्ही कोळशांचे समान वजन पूर्ण जाळून राख तोलावी. करवंटीची आणि पाचटाची राख शेजारी ठेवली की पालाशाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. आणि मुलांना घरोघर पाठवावे, कोळसा गोळा करायला नव्हे तर विचारायला : तुमच्याकडे करवंटी कुठे जाते? बंबात, घंटागाडीत, की झाडाच्या आळ्यात? वीस घरांची उत्तरे तक्त्यात भरली की फलकावर काय लिहायचे ते मुलांनीच ठरवावे.